लोह आणि त्याचा रक्षक

चिकपेटेतील आमच्या रेशमी वस्त्रांच्या दुकानाची रोजकीर्द आयुष्यभर स्वहस्ते लिहिणाऱ्या वडिलांना जेव्हा जुन्या गिऱ्हाइकांची नावे आणि पुढेपुढे तर वारही आठवेनासे झाले, तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्यांचा एमआरआय करण्याचे ठरले. बेंगळुरूच्या भूमीवरील नैसर्गिक चुंबकत्वाहून पन्नास हजारपटींहून अधिक प्रबळ अशा ३ टेस्लाच्या क्षेत्रात ते निश्चल पडून राहिले. नंतर डॉक्टरांनी पडद्यावर मेंदूच्या अंतर्भागातील काळसर ठिपके दाखवून सांगितले, "हे लोह. वयाबरोबर ते साठतंच. एवढ्यावरून निदान होत नाही."

घरी मात्र 'मेंदूत लोह' हे शब्द ऐकताच आत्याने लोखंडी कढई माळ्यावर टाकण्याचा हुकूम सोडला, आणि एका आप्ताने 'अँटीऑक्सिडंट' गोळ्यांची बाटली आणून दिली. त्या दोघांच्या मायेला नकार देण्यापूर्वी मला स्वतःला समजून घेणे अगत्याचे वाटले.

मेंदूतील पेशींना ऊर्जा मिळवण्यासाठी, मज्जातंतूंवरील आवरण घडवण्यासाठी आणि डोपामीन निर्माण करण्यासाठी लोह अपरिहार्य आहे. परंतु बंधमुक्त लोहाचा हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग झाला, की पेशींचा विध्वंस करणारे कण उत्पन्न होतात, आणि या क्रियेचा पाया रसायनशास्त्रज्ञ फेंटन यांनी १८९४ मध्येच वर्णिला होता. त्या पेरॉक्साइडचे निवारण करणारे ग्लुटाथायोन हे अँटीऑक्सिडंट आपल्या पेशी स्वतःच तीन अमिनो आम्लांपासून घडवतात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात प्रवतकुमार मंडल व सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुनाद वर्णपटाच्या साह्याने जिवंत मेंदूतील ग्लुटाथायोन मोजले. अल्झायमरच्या रुग्णांत, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये, ते घटलेले आढळल्याचे त्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि पुढे लोहाचाही त्यासोबत अभ्यास केला. जमेची बाजू न पाहता केवळ खर्चावरून पेढीची स्थिती ठरत नाही, तशीच ग्लुटाथायोन न पाहता केवळ लोहावरून मेंदूची स्थितीही ठरत नाही.

डॉक्टरांनी रक्ततपासणीशिवाय आहारातील लोह तोडण्यास आणि गोळ्या सुरू करण्यास स्पष्ट मनाई केली. मेंदूतील साठा हा ताटातल्या भाजीचा हिशेब नव्हे, आणि वृद्धापकाळी रक्तक्षय ओढवून घेणे घातकच. कढई पुन्हा चुलीवर आली. मेंदूतील ग्लुटाथायोन व लोहाची ही मोजमापे आज प्रामुख्याने संशोधनाच्या कक्षेत आहेत. निरोगी वृद्धांची मापे विपुल जमल्याखेरीज रुग्णाच्या मापाला अर्थ येणार नाही, म्हणून अशा अभ्यासांना आमच्यासारख्या घरांतील धडधाकट वडीलधाऱ्यांनीही स्वेच्छेने साहाय्य करावे, असे मला मनापासून वाटते.