झोळीत मागितल्या पिशव्या



प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालणारी महाराष्ट्र शासनाची अधिसूचना 23 मार्च 2018 रोजी निघाली आणि तीन महिन्यांनी, 23 जूनला, तिचा अंमल सुरू झाला. तो दिवस निर्जला एकादशीचा होता, हे किती जणांच्या ध्यानात असेल? मधल्या काळात अधिक ज्येष्ठही आला. दानाचा महिना. जावयाचे तेहेतीस अनारसेसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीतून जात होते, असो.

आमच्या आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या बाया बसतात. पहिल्या गुन्ह्याला दंड 5,000 रुपये, दुसऱ्याला 10,000, तिसऱ्याला 25,000 आणि कैद. जिची सारी मेथी-कोथिंबीर खपली तरी हजार रुपये होत नाहीत, त्या माउलीने हे कोठून भरावे? गिऱ्हाईक हात हलवीत येते, पिशवी मागते, न मिळाली तर शेजारणीकडे जाते. म्हणून भजनी मंडळाने ठरविले, की घरोघर कापडी पिशव्या मागाव्यात आणि या बायांच्या स्वाधीन कराव्यात. गिऱ्हाइकाने नेलेली पिशवी पुढच्या बाजारी परत आणावी. कीर्तन थांबल्यापासून मी रिकामा, म्हणून झोळी माझ्या खांद्यावर आली. कीर्तनकाराचे हे काम का, असे एकाने विचारलेच. गाडगेबाबा आधी गाव झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत, एवढेच त्याला सांगितले.

पीठ मागणे सोपे असते. सगळ्या घरचे पीठ पांढरेच. पिशवी मागितली की लोक ट्रंका उघडतात. जुन्या लुगड्याची पिशवी आली, शाळेच्या गणवेशाची आली. एका घरी वडिलांच्या धोतराची मिळाली. ते गृहस्थ गुडघे चालेनात तोवर वारी करीत होते. मुलगा म्हणाला, "धोतर कुणाला घालायला देववेना, म्हणून आईनं पिशवी शिवली." उसवलेले बंद गावच्या शिंप्याने फुकट शिवून दिले. नामदेवरायांच्या कुळाचा आहे, पैसे कसे घेऊ, म्हणाला.

सर्वांत जास्त आल्या त्या लग्नांत आणि कापडदुकानांत मिळणाऱ्या रंगीत पिशव्या. हाताला कापडच वाटतात. पण त्यांत उभा-आडवा धागा नाही. प्लास्टिकचेच तंतू दाबून चिकटविलेले, आणि बंदीत त्याही होत्या. संशय आला की कडेचा कपटा काडीवर धरायचा. सुती असेल तर जळत्या कागदाचा वास येतो आणि राख पडते. ही आक्रसते, वितळते आणि निवली की टणक गोळी होते. नुसत्या टिळा-माळेवरून वारकरी ओळखू नये, असे कीर्तनात जन्मभर सांगितले. त्याला इतका सोपा दाखला कधी सापडला नव्हता.

अशाच एका पिशवीवर पांडुरंगाचे चित्र होते. यजमान म्हणाले, "बुवा, देवाला नाही म्हणता?" मी म्हणालो, "ही उकिरड्यावर जाईल तेव्हा देवासकट जाईल, आणि खरकट्याच्या वासाने गाय ती गिळील." त्यांना ते लागले. पुढच्या दोन एकादशींना ते भजनाला आले नाहीत. पिशवी मी घेतली नाही ती नाहीच.

शंभरावर पिशव्या जमल्या. किती परत येतील यावर बाजारात पैजा लागल्या होत्या. निम्म्याहून थोड्या अधिक आल्या, बऱ्याचशा धुऊन. आषाढी 23 जुलैला होती. त्याआधीच्या बाजारात मी मेथीवालीला धोतराच्या पिशवीविषयी विचारले. मुलाने दोनदा चौकशी केली होती.

"ती नाही आली, बुवा. वाटेनं दिंडी चालली होती. एका म्हातारबांच्या पडशीचा बंद तुटला होता, त्यांना दिली."

"मग?"

"मग काय, गेली पंढरीला."