खो मिळेपर्यंत

बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत जिचा हात वर जातो, अशी एक तरी मुलगी तुमच्या वर्गात असेलच. नुसता हात नाही, "बाई मी, बाई मी" करत ती अर्धी उभीसुद्धा राहते. आहे ना? चौथीत असताना आमच्या वर्गातली ती मुलगी म्हणजे मी!

आमच्या बाईंना खेळांचं भारी वेड. शनिवारी सकाळची शाळा असायची. शेवटच्या तासाला बाई घरून टेपरेकॉर्डर आणायच्या. कॅसेटमध्ये गाणी नसायची. खेळांतल्या गाजलेल्या प्रसंगांचं वर्णन बाईंनीच आपल्या आवाजात भरून आणलेलं असायचं. आम्ही त्याला 'कानांचा तास' म्हणायचो.

या तासाचे नियम ठरलेले. पहिल्यांदा ऐकताना डोळे मिटायचे, पेन्सिल खाली. मग बाई फळ्यावर पाच प्रश्न लिहायच्या आणि कॅसेट पुन्हा लावायच्या. उत्तरं एकेका शब्दात टिपायची. शेवटी शेजारणीला तो प्रसंग आपल्या शब्दांत सांगायचा. ऐकणारी मध्येच बोलली, तर तिचा एक गुण कापायचा. माझे किती कापले गेले, ते विचारूच नका!

एका शनिवारी कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. दुसऱ्या शनिवारी १९८३ चा विश्वचषक. भारताच्या धावा फक्त १८३, आणि तरी वेस्ट इंडिज १४० धावांत गारद! डोळे मिटले की कपिल देव मागं पळत रिचर्ड्सचा झेल घेताना अगदी समोर दिसायचा.

मग पी. टी. उषाचा शनिवार आला. ८ ऑगस्ट १९८४, लॉस एंजेलिस. बायकांची चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये त्याच वर्षी पहिल्यांदा ठेवली होती. वाटेत दहा अडथळे. केरळातली वीस वर्षांची उषा अंतिम फेरीत पोचली होती. बाईंचा आवाज चढत गेला. शेवटचा अडथळा पार झाला, उषा शेवटच्या रेषेकडे झेपावली... आणि मी डोळे उघडून ओरडले, "जिंकली!" टाळ्यासुद्धा पिटल्या.

बाईंनी बटण दाबलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, कॅसेट अजून संपलेली नाही."

पुढचं ऐकलं आणि माझे हात खालीच आले. मोरोक्कोची नवाल पहिली आली होती. तिसरा क्रमांक रुमानियाच्या मुलीचा, वेळ ५५.४१ सेकंद. उषाची वेळ ५५.४२. पदक हुकलं ते एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं! पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

त्या दिवशी फळ्यावरचा तिसरा प्रश्न होता : 'शर्यत किती वेळा सुरू झाली?' किती सोपा! मी लिहिलं, 'एकदा.' बहुतेकांनी लिहिलं होतं, 'दोनदा.' मी बाईंशी वादही घातला. घंटा झाली आणि तो वाद तसाच राहिला.

पंधरा दिवसांनी खो-खोची स्पर्धा होती. आम्ही पाठलाग करत होतो. बरोबरीला एक गडी हवा होता आणि वेळ संपत आलेला. मी पाटीवर बसलेली. मागून पावलं ऐकू आली. आता खो मिळणारच! मी उठले, धावले आणि दोनच पावलांत समोरच्या मुलीला शिवले. आमच्या मुलींनी उड्या मारल्या. पण पंचांची शिट्टी वाजली. 'फाउल!' पाठीवर हात पडायच्या आधीच मी उठले होते. शिवलेली मुलगी बाद धरली नाही. एका गुणानं आम्ही हरलो.

येताना एस. टी.त माझ्याशी कुणी बोललं नाही. खिडकीत तोंड घालून मी रडत होते. बाई शेजारी येऊन बसल्या. वाटलं, आता उपदेश होणार. त्या म्हणाल्या, "सोमवारी मधल्या सुट्टीत ये. उषाची शर्यत परत ऐकू."

सोमवारी रिकाम्या वर्गात मी डोळे मिटले. आणि काय सांगू? अगदी सुरुवातीलाच ती वाक्यं होती. एका खेळाडूनं बंदूक वाजायच्या आत पाऊल टाकलं. सगळ्यांना परत बोलावलं. शर्यत दुसऱ्यांदा सुरू झाली आणि या वेळी उषा पहिल्याइतक्या चपळाईनं निघाली नाही. ती वाक्यं पहिल्या दिवशीही तिथंच होती. दोनदा माझ्या कानांवर पडली होती. पण मी मनातल्या मनात उषाला केव्हाच जिंकवून बसले होते, मग ऐकणार कोण?

मी वही काढली. 'एकदा' खोडून 'दोनदा' लिहिलं. बाईंनी पाहिलं आणि नुसत्या हसल्या.

आता मी मोठी झाले. तरी समोरचा बोलत असताना जीभ अजून वळवळतेच. तेव्हा मी मनात म्हणते, 'थांब, खो मिळालेला नाही.'

तुम्हीही हा खेळ करून पाहा. घरातल्या कुणाला तरी खेळातला एखादा न विसरता येणारा प्रसंग सांगायला लावा. आजोबांना विचारलंत तर उत्तमच! डोळे मिटा. मध्ये एक अक्षर बोलू नका. मग तोच प्रसंग त्यांना परत सांगा आणि काय काय सुटलं ते विचारा. काहीतरी सुटलेलं असणारच. माझी तर अख्खी सुरुवातच सुटली होती!