ताई माणूस नव्हती

रात्री आठाच्या सुमारास गोठ्यातून हात धुऊन येत होतो, तोच फोन वाजला. "आपल्या गाडीची सर्व्हिसिंग आली आहे," एक बाई गोड आवाजात सांगत होती. मी म्हटलं, "ताई, उताराला ब्रेक दाबला की करकर वाजतं, तेवढं लिहून घ्या." "नोंद केली," म्हणाली, अन् गुरुवारची वेळ दिली. जेवण झालं का, असंही मी तिला विचारलं!

गुरुवारी तालुक्याला गेलो, तर काउंटरवरचा पोरगा हसला. "काका, ती माणूस नाही, कॉम्प्युटर बोलतो. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात तिला." चिठ्ठीवर नुसतं 'नेहमीची सर्व्हिसिंग'. ब्रेकचा शब्दही नाही.

तिला वाईट म्हणत नाही. तारीख मी विसरलोच होतो, शिवाय एक हेलपाटा वाचला. पण तिचा हिशेब किलोमीटरचा अन् महिन्यांचा. आपली गाडी धुळीच्या गाडीवाटेनं जाते, पोती वाहते. एअर फिल्टर ठरल्या वेळेआधीच तुंबतो. हे आपणच सांगायचं, अन् सही करण्याआधी जॉबकार्ड वाचून घ्यायचं. वाचता येत नसेल तर पोराला सोबत न्या.

मी हट्टानं ब्रेकचं लिहायला लावलं. म्हाताऱ्या मिस्त्रीनं चाक काढून दाखवलं. पॅड पार संपून लोखंडावर लोखंड घासत होतं. नवे पॅड बसवले.

रविवारी त्याच गाडीनं घाट उतरून लेकीला बाळंतपणाला घरी आणली.