नो डिस्प्ले

सकाळी शटर वर करतोय तोवर एक गृहस्थ दारात उभे, खांद्यावर कॅबिनेट. मागे नववी-दहावीतला मुलगा, हातात नुसती पॉवर केबल. "काही केलं नाही हो. रात्री नीट बंद केला, सकाळी चालूच होईना. बोर्ड गेलं असेल ना?" गिऱ्हाईक निदान घरूनच करून येतं, आपण फक्त सही करायची. बटण दाबलं. पंख्यानं अर्धी गिरकी घेतली आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. संध्याकाळी या म्हटलं.

*

"बंद पडलाय" म्हणजे निदान तीन वेगळे आजार. काहीच हलत नाही तो डेड. पंखे गरगरतात पण पडदा काळा, तो नो डिस्प्ले. एक झटका देऊन गप्प बसतो, तिथे पहिला संशय शॉर्टचा. एसएमपीएस मठ्ठ नसतो. नको तिथून करंट वाहतोय असं दिसलं की तो आपणहून हात आखडता घेतो. या तिन्हींना बाजारात एकच उत्तर मिळतं, "बोर्ड बदला." माझ्या टेबलावर बोर्ड खरंच गेलेलं निघतं ते सगळं तपासून झाल्यावर, आणि तेही क्वचित.

*

एसएमपीएस. चोवीस पिनांचा कनेक्टर बोर्डातून उपसला, हिरवी तार आणि शेजारची काळी यांच्यात यू-पिन घातली. पंखा फिरला. एवढ्यावर "चांगला आहे" म्हणू नये, रिकामा टेम्पो कुठलाही घाट चढतो. लोड लावून मीटर धरला: पिवळ्यावर १२.१, लालवर ५ च्या आसपास, नारंगीवर ३.३. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे पिवळी ११.४ च्या खाली गेली की मी त्याला बाजूला ठेवतो. राखाडी तारेवर होकार आला का तेही पाहिलं. सगळे व्होल्टेज स्थिरावले की एसएमपीएस या तारेवर ५ व्होल्ट सोडतो, तोवर बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवतो. सेकंदाच्या अर्ध्याहून कमी वेळाचा मामला, पण होकार नाही आला तर प्रोसेसर झोपलेलाच.

जांभळी विसरू नये. मशीन बंद असलं तरी तिच्यावर ५ व्होल्ट असतात. रॅम काढण्याआधी मागची केबल उपसायची.

*

दुपारी चहाला शेजारचा झेरॉक्सवाला. म्हणे कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. त्याच्या दुकानात अर्थिंग नाही, तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या एक्स्टेंशनमध्ये कोंबलाय. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात. त्यांचं थोडं गळतं करंट अर्थिंगमधून निघून जायचं असतं. वाट नाही मिळाली की ते पत्र्यावर येतं, मीटर शे-सव्वाशे व्होल्ट दाखवतो. करंट नगण्य असतं, माणूस मरत नाही, पण बोर्डावरच्या पोर्टना हे रोज सोसत नाही. त्याला सांगितलं, आधी वायरमन बोलाव. म्हणाला, बघू.

*

बीप. पूर्वी कॅबिनेटमध्ये बोटाएवढा स्पीकर असायचा. १९८१ च्या आयबीएम पीसीपासूनची रीत: सुरू होताच मशीन स्वतःची तपासणी करतं, सगळं ठीक असेल तर एकदा आखूड वाजतं. अवॉर्ड बायोसवर एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड. नुसतंच लांब-लांब वाजत राहिलं की रॅम. फोनवर ऐकूनच सांगायचो, "रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबरानं घासा, परत लावा." आता काचेची, दिव्यांची कॅबिनेटं येतात आणि त्यात पाच रुपयांचा स्पीकर नसतो. आंधळ्याला आरसा. मी एक स्पीकर खिशात ठेवतो.

*

आजच्या पेशंटवर केलेलं: रॅम घासून एकेक करून लावून पाहिली. प्रोसेसरची वेगळी चार पिनांची केबल बसलेली आहे (ही विसरली की पंखे फिरतात, पडदा काळाच). हार्डडिस्क काढली. सेल काढून पाच मिनिटं ठेवला. पंखा तसाच अर्धी गिरकी.

सेलची एक गंमत. सीआर२०३२ हे त्याचं मापच आहे, २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. त्याच्या जिवावर एक बारीक क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर एक उरतो, म्हणून तो निवडलेला. सेल उतरला की तारीख मागच्या कुठल्यातरी सालात जाऊन बसते आणि बँकेची साइट उघडत नाही, कारण तिचं प्रमाणपत्र त्या तारखेला अजून जन्मलेलंच नसतं. लोक नेटवाल्याशी भांडत बसतात.

*

फुगलेले कपॅसिटर हल्ली कमी दिसतात. २००० नंतरच्या पाचसात वर्षांत बोर्डामागून बोर्ड यायचं, प्रोसेसरभोवतीच्या डब्यांची डोकी वर आलेली, काहींच्या फुलीतून तपकिरी चिकट ओघळ. आतल्या द्रावणातच खोट होती, वायू धरायचा. मी किलोनं कपॅसिटर बदललेत. आता बऱ्याच बोर्डांवर घन पॉलिमरचे असतात, त्यात ओघळायला पातळ द्रावणच नसतं.

*

खऱ्या अर्थानं मेलेली बोर्डं मी एकदाच ढिगानं पाहिली. २६ एप्रिल १९९९, सीआयएच व्हायरस, तैवानमधल्या एका विद्यार्थ्यानं लिहिलेला. हार्डडिस्क तर पुसायचाच, जमेल तिथे बायोसच्या चिपमध्येही कचरा भरायचा. बोर्डात बिघाड शून्य, पण सुरू कसं व्हायचं हेच त्याला आठवत नाही. मी तेव्हा उमेदवारी करत होतो. उस्तादांनी त्याच मॉडेलचं चांगलं बोर्ड घेतलं, त्याच्या बायोस चिपखालून आधी शिवणाचा दोरा घालून ठेवला. मशीन चालू केलं, आणि चालू मशीनमधूनच चिप दोऱ्यानं अलगद सरळ वर उचलली. एक पाय वाकडा झाला असता तर दोन बोर्डं गेली असती. रिकाम्या सॉकेटमध्ये मेलेली चिप दाबली आणि फ्लॉपीवरून नवा बायोस भरला. त्यांच्या कपाळावरचा घाम मी पुसला, कारण त्यांचे हात मोकळे नव्हते. पुढे अशा अकरा चिपा त्यांनी जिवंत केल्या.

*

साडेचार. शेवटचा उपाय, जो खरं तर पहिला करायला हवा होता: बोर्ड कॅबिनेटबाहेर. पुठ्ठ्यावर ठेवलं, फक्त प्रोसेसर, एक रॅम, खिशातला स्पीकर. पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. एक आखूड बीप.

मग कॅबिनेट उचलून तिरकं केलं. टिक. पत्र्यावरून एक स्क्रू घरंगळत कोपऱ्यात गेला. बोर्डाला सहा भोकं, मी काढलेले स्क्रू पाच. मोजले तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आणि तीन वर्षांच्या मशीनच्या पंख्यावर धुळीचा कण नाही, हेही सकाळीच डोळ्यांना दिसलं होतं, डोक्यात गेलं नव्हतं. बोर्ड काढून कुणीतरी ब्रशनं निगुतीनं साफ केलेलं. परत बसवताना सहावा स्क्रू खाली सांडला, बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरला आणि पत्र्याला एकदम टेकून बसला.

*

सहाला बापलेक आले. मशीन चालू करून दाखवलं. वडील बाहेर रिक्षा थांबवायला गेले. मुलानं टेबलावरचा एकटा स्क्रू पाहिला, मग माझ्याकडे.

"काका, बाबांना..."

"साफ छान केलायस. पुढच्या वेळी स्क्रू वाटीत ठेवायचे."

वडील परत आले. "काय झालं होतं मग?" बिलावर आधीच लिहून ठेवलं होतं: सर्व्हिसिंग, ३०० रुपये.