कालवांच्या पैशाचे लग्न
एर्न्स्ट लुबिच यांचा ‘दि ऑयस्टर प्रिन्सेस’ हा जर्मन मूकपट जून १९१९ मध्ये बर्लिनला प्रदर्शित झाला. महायुद्ध हरलेल्या जर्मनीत तेव्हा अन्नाची भयंकर टंचाई होती. पडद्यावर मात्र लग्नाची मेजवानी चालली होती आणि पाहुण्यांमागे वाढप्यांची फौज उभी होती. त्या प्रेक्षकांना हे पाहताना काय वाटले असेल, हा विचार मनातून जात नाही.

चित्रपटातले मिस्टर क्वेकर हे कालवांच्या व्यापारात गडगंज झालेले अमेरिकी धनिक सिगारही स्वतःच्या हाताने धरत नाहीत. त्यांच्या दिमतीला कृष्णवर्णीय नोकर आहेत. माणसे अशी शोभेसाठी वापरलेली आज खटकतात, आणि खटकायलाच हवीत. क्वेकरांची मुलगी ऑसी घरातल्या वस्तूंची मोडतोड करते, कारण बूटपॉलिशच्या सम्राटाच्या लेकीने उमराव गाठला आहे. बाप तिला थेट राजपुत्रच विकत आणून देण्याचे कबूल करतो. दलाल राजपुत्र नुकीचे स्थळ काढतो. नुकीकडे किताब आहे, पैसा नाही. कपडेही त्याला स्वतःच धुवावे लागतात. मुलगी पाहायला तो योसेफ या मित्राला पाठवतो.

योसेफ क्वेकरांच्या प्रशस्त दालनात ताटकळतो. कोणी बोलवत नाही, म्हणून तो जमिनीवरच्या गुंतागुंतीच्या नक्षीच्या रेषांवरून पावले टाकत फिरू लागतो. गरिबाचा खोळंबा आणि अपमान इतक्या नेमकेपणाने क्वचितच दाखवला गेला असेल. लुबिच यांनाही हा प्रसंग जवळचा होता. १९४७ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याची आठवण काढली आणि आपली स्वतंत्र शैली प्रथम याच विनोदी चित्रपटात उमटली असे नमूद केले.

ऑसीला धीर नाही. योसेफलाच राजपुत्र समजून ती त्याच्याशी घाईने लग्न उरकते. मेजवानीत फॉक्सट्रॉटची साथ पसरते आणि पाहुण्यांपासून स्वयंपाकघरातल्या नोकरांपर्यंत सगळे नाचू लागतात. मालक-चाकर हा भेद या चित्रपटात इथेच काय तो मिटतो, तोही नाच चालू असेपर्यंत.

पुढे कोट्यधीशांच्या मुलींच्या दारूविरोधी मंडळात झिंगलेला नुकी येऊन पडतो. त्याच्यासाठी मुली ठोसेबाजी करतात, ऑसी जिंकते आणि दोघे प्रेमात पडतात. लग्न आधीच झाले आहे ही अडचण योसेफच सोडवतो: विधी नुकीच्या नावाने झालेला असल्याने ऑसी त्याचीच बायको आहे. प्रेमासाठी इथे कुणाला दमडीवर पाणी सोडावे लागत नाही. धनिकाला त्यागाचा उपदेश करून सुटका देण्याचा सोपा मार्ग लुबिच घेत नाहीत, आणि म्हणूनच या विनोदाची धार टिकून आहे.

शेवटी क्वेकर किल्लीच्या भोकातून नवदांपत्याकडे पाहतात. एरवी कशानेही प्रभावित न होणारा हा माणूस प्रथमच प्रभावित होतो. लुबिच १९२२ मध्ये हॉलिवूडला गेले. ‘दि मॅरेज सर्कल’ (१९२४) आणि ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ (१९२५) या तिथल्या मूकपटांत फॉक्सट्रॉटचा धुमाकूळ ओसरला आणि तेच काम नजरा आणि बंद दारे करू लागली.