‘समजलं मला!’

मुलांनो, आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर लिनक्स, माझ्या घरी विंडोज आणि वर्गातल्या एकीच्या बाबांकडे अँड्रॉइडचा मोबाइल. तरी ‘जीकॉम्प्री’तले बेरजेचे खेळ तिन्हीकडे चालतात! कसे बरं?

प्रत्येकाची चित्रं-बटणं दाखवायची रीत वेगळी. म्हणून मध्ये लागतो दुभाष्या. त्याचं नाव ‘क्यूट’. प्रोग्रॅम लिहिणारा एकदाच सांगतो, ‘इथं बटण हवं’. क्यूट ते ज्याला त्याला त्याच्या भाषेत सांगतो. २००० साली फ्रान्समध्ये सुरू झालेला हा मोफत संच (नावात फ्रेंच ‘समजलं मला’ दडलंय!) पुढे क्यूटवर नव्यानं लिहिला, तेव्हा मोबाइलवरही आला. म्हणून तर घरी कॉम्प्युटर नसलेली ती मुलगी संध्याकाळी सराव करते. बोटाला पुरेल एवढं मोठं बटण ठेवायचं मात्र क्यूटला आपणहून सुचत नाही हं, ते लिहिणाऱ्यालाच बघावं लागतं.