सहल समुद्राच्या वेळेने!

"मुंबईत कुठला आलाय निसर्ग?" असं म्हणत तुम्ही रविवार टीव्हीपुढे काढता ना? मग ही सहल कराच. तिकीट नाही, की लांबचा प्रवास नाही. फक्त लोकलच्या वेळापत्रकाआधी समुद्राचं वेळापत्रक पाहायचं!

वांद्र्याच्या कार्टर रोडवर भरतीला नुसतं पाणीच दिसतं. ओहोटी आली, की काळे खडक उघडे पडतात आणि त्यांच्या खळग्यांत छोटी छोटी तळी उरतात.

ओहोटी कधी, ते कसं कळणार? तक्ते मिळतात, पण आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेबही सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे साधारण तीनला पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटी. चंद्र रोज उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. हा झाला अंदाज. निघण्यापूर्वी तक्त्याशी ताडून पाहा हं!

घरातलं मोठं माणूस सोबत हवंच. पायांत न घसरणारे बूट घाला. पाणी, डबा आणि वही घ्या. ओहोटीच्या तासभर आधी पोचा. पाणी परत फिरलं, की तुम्हीही फिरा. पावसाळ्यात तर खडकांवर जायचंच नाही.

आता तळ्याजवळ दोन मिनिटं गप्प बसा. एखादा शंख चालू लागेल! आत खेकडा आहे. त्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो गोगलगाईच्या रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला, की मोठा शंख शोधतो. तुम्ही खिशात घातलेला शंख म्हणजे कुणाचं तरी उद्याचं घर! तेव्हा शंख तिथेच राहू द्या. उचललेला दगडही होता तसाच ठेवा. त्याच्याखाली कुणीतरी राहत असतं.

वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर तर प्रवाळही होते. सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये ते उचलून दुसरीकडे न्यावे लागले. ते तिथे होते, हे किती मुंबईकरांना ठाऊक होतं? जे कधी पाहिलंच नाही, ते गेल्याचं कळणार तरी कसं?

मग येत्या रविवारी तिथी कोणती? भिंतीवरची दिनदर्शिका पाहा आणि करा पाऊणपट!